मराठवाड्यात दुष्काळ पडतो, पण अमेरिकेसारखी धुळीची वादळं का येत नाहीत?

तुम्ही विचारलंय की १९३० च्या दशकात अमेरिकेत दुष्काळ पडला तेव्हा भरदिवसा अंधार व्हावा इतकी धूळ उडाली. मग मराठवाड्यात दर दोन-तीन वर्षांनी पाऊस दगा देत असताना तसं का होत नाही? मी परभणीकडचा, घरी कोरडवाहू शेती, त्यामुळे हा प्रश्न मलाही बरेच दिवस पडला होता.

तिथं दुष्काळ आधीही पडायचे, पण माती जागेवर राहायची. ओक्लाहोमा, टेक्सास, कान्सास, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको ही राज्यं जिथं एकमेकांना भिडतात तो सगळा सपाट माळ. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आतच. आखूड गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलेली. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला (म्हणजे साधारण २७ किलोला) दोन डॉलरच्या वर गेला आणि लोकांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले, गवत उलथून गहू पेरला. शहरात राहून फक्त पेरणी-कापणीला येणारेही होते, त्यांना 'सूटकेस शेतकरी' म्हणत. पुढं भाव उतरला तेव्हा हप्ते फेडायला आणखी रान मोडलं गेलं (सोयाबीनवाल्यांना हे समजावून सांगायला नको). १९३१ ला गहू उदंड पिकला आणि भाव पार कोसळला. कितीतरी रानं तशीच उघडी टाकून दिली गेली, आणि नेमका तेव्हाच पाऊस गेला.

तव्याच्या नांगरानं भुगा झालेली ती माती मग वाऱ्यावर गेली. मे १९३४ मधल्या वादळाची धूळ न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत पोचली. १४ एप्रिल १९३५ चा दिवस तर 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, तरी ताटात धूळ यायचीच. लहान मुलं आणि म्हातारी माणसं धुळीच्या न्यूमोनियानं गेली. चारा संपला तेव्हा सरकारनं जनावरं विकत घेतली आणि जी अगदी खंगलेली होती ती तिथंच गोळी घालून मारली. दावणीची जनावरं विकलेल्या माणसाला ही गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त कळेल. १९४० पर्यंत त्या माळांच्या राज्यांतून सुमारे २५ लाख लोक बाहेर पडले, पण बहुतेक जण तिथंच चिकटून राहिले, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता आपल्याकडचं. आपली काळी माती चिकण. वाळली की भेगाळते, नांगरली की ढेकळं निघतात, आणि ढेकूळ वाऱ्याला उचलत नाही. रानं लहान, मध्ये बांध, बांधावर बाभळी-बोरी. मे महिन्यात वावटळी येतात, पत्रे उडतात, पण अख्खं शेत उडून जात नाही. बैलांच्या नांगरानं आपल्याला वाचवलं असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं, कारण मुळात जमीनच वेगळी. शिवाय आपली माती जात नाही असंही नाही, ती पाण्यानं जाते. जूनमधला पहिला दणका उघड्या रानावर बसला की ओढा काळा होऊन वाहतो.

अमेरिकेत ह्यू बेनेट या मृदातज्ज्ञाच्या पाठपुराव्यानं एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. उताराला आडवी नांगरट, पट्टा पद्धतीनं पेरणी, पडीक रानात पुन्हा गवत, आणि हे करणाऱ्याच्या हातात सरकारी पैसे. माझ्या मते त्या पैशामुळेच ते चाललं. वाऱ्याला अडवायला १९४२ पर्यंत २० कोटींच्या वर झाडंही लावली. जाता जाता: १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रेशनवर जी लाल मिलो आली ती अमेरिकेची, आणि तिकडं ही ज्वारी मुख्यतः कान्सास-टेक्सासातच पिकते.

त्या भागाला पुढं खरा आधार मिळाला तो पंपांचा. जमिनीखालच्या ओगलाला जलसाठ्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर मका, गहू हिरवे झाले. तो साठा भरतो त्यापेक्षा कितीतरी वेगानं उपसला जातोय, आणि पश्चिम कान्सासात पाणी उतरल्यामुळे काही ठिकाणी बागायतीची पुन्हा कोरडवाहू झाली आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मराठवाड्याची तुलना करायचीच असेल तर धूळ सोडा, त्यांच्या पंपांशी आपल्या बोअरची आणि उसाची करा.