गोळी न झाडणारा शिपाई

प्रश्न : गोव्यात सत्याग्रहींनी मार खाल्ला, जीव दिले, पण गोवा सुटला तो १९६१ मध्ये लष्कर घुसल्यावरच. मग हुकूमशहापुढे अहिंसा म्हणजे नुसतं बळी जाणंच ना? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमच्या कुडाळहून बांदा काही लांब नाही. १९५५ साली मी तिथे नऊ वर्षांचा होतो. पुण्या-मुंबईकडचे सत्याग्रही भिजून चिंब होऊन आमच्या ओटीवर टेकले होते. आईने मोठ्या टोपात पेज रटरटत ठेवली. १५ ऑगस्टला ते पत्रादेवीकडे निघाले, हातात फक्त तिरंगा. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून जास्त माणसं गेली. परतलेल्यांपैकी एकाने वाढलेल्या पेजेला हातही लावला नाही.

वडील सत्याग्रही नेते नानासाहेब गोऱ्यांना मानणारे, काका हत्यार उचललेल्या आझाद गोमंतक दलाचा. जेवताना रोज वाद. काकाच्या तोंडी मोहन रानडे. पण पोलीस चौक्यांवर हल्ले करणारे रानडेही त्याच वर्षी जखमी होऊन पकडले गेले आणि पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते थेट १९६९ मध्ये. म्हणजे बंदुकीनेही गोवा हलला नव्हता. (दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये हत्यारी स्वयंसेवकांनी घेतली खरी, पण तिथे पोर्तुगीज पोलीस मूठभर, आणि त्यांच्या मदतीला फौज जायची तर वाटेत भारताची हद्द.)

सत्याग्रहाला समोरच्या शिपायाचा हात अडखळावा लागतो. इथे शिपाई सातासमुद्रापलीकडून आणलेले, आणि त्यांच्या देशात, पोर्तुगालमध्ये, हुकूमशहा सालाझारची सेन्सॉरशिप. पत्रादेवीचं रक्त राजधानी लिस्बनला दिसणार कसं?

तो हात अडखळला १९७४ मध्ये, लिस्बनलाच. अंगोला, गिनी, मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींमधल्या बंडखोरांशी तेरा वर्षं लढून विटलेल्या लष्करी कॅप्टनांनी हुकूमशाही उलथवायला २५ एप्रिलला रणगाडे शहरात आणले, आणि ती त्याच दिवशी कोसळली. घरात थांबा असं रेडिओवरून सांगूनही लोक रस्त्यावर उतरले, बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली गेली. सरकारच्या बाजूच्या रणगाड्यांना गोळे डागायचा हुकूम झाला. आतल्या शिपायांनी तो पाळला नाही. त्या दिवशी गोळ्या झाडल्या त्या गुप्त पोलिसांनी. चौघे मेले.

आफ्रिकेतल्या बंदुका नसत्या तर ते कॅप्टन विटले नसते, हे काकाचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. वडील म्हणायचे, हुकूम न पाळणारा तो शिपाई सत्याग्रहीच. तुम्हाला उत्तर देताना मी वडिलांकडे झुकलोय, ते कळलंच असेल.