नवऱ्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणारा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार) आहे, मग तो तासन्तास एकाच कामात कसा गुंततो? हाका मारल्या तरी ओ देत नाही, हे मुद्दाम असतं का?

नाही, अजिबात मुद्दाम नसतं. हाच आरोप मी लहानपणापासून ऐकतेय म्हणून लिहितेय.

एडीएचडीत लक्ष कमी नसतं हो, ते कुठे लावायचं आणि कधी काढायचं यावर ताबा नसतो. काम आवडीचं, नवीन किंवा अगदी डेडलाइनवर आलेलं असलं की मेंदू त्याला असा चिकटतो की भूक, तहान, लघवी काही कळत नाही.

माझी शिलाई मशीन टाके सोडत होती. दुपारी नुसतं तेल घालायला बसले आणि लक्षात आलं की सुई खालून वर यायला लागते तेव्हा हुकने दोरा पकडायला हवा, तो जरासा उशिरा येतोय. झालं, मग मशीन पूर्ण उघडली, हुक सैल कर, चाक हाताने फिरव, परत बघ, असं करत रात्र झाली, दिवा कोणी लावला तेही माहीत नाही. दादा हाका मारत होता म्हणे, मला खरंच एकही ऐकू आली नाही. शेवटी त्याने मशीनच ओढून घेतली आणि मी एवढ्या जोरात किंचाळले की आजही घरात तो विषय निघतो. त्याचं एकच, "आवडीचं असलं की बरोबर लागतं लक्ष, फॉर्म भरताना काय होतं?" अरे, परीक्षेच्या आदल्या रात्री मी कपाट लावत बसायचे, ते काय आवडीने? निवडता आलं असतं तर अभ्यासच निवडला असता ना!

तुम्ही लांबून ओरडू नका. समोर जा, खांद्यावर हात ठेवा, पाच-दहा मिनिटं द्या. लॅपटॉप फटकन बंद तर कधीच करू नका, दादा तेवढा थांबला असता तर काही झालं नसतं.

बाकी, हायपरफोकस, म्हणजे हे असं भान हरपून गुंतणं, डीएसएम-५ च्या (मानसिक विकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या पुस्तकाच्या) एडीएचडीच्या निकषांत नाही, ऑटिझममध्येही दिसतो, आणि थोडंफार गुंतणं सगळ्यांचंच होतं, त्यामुळे एवढ्यावरून निदान करू नका, ते सायकियाट्रिस्टचं काम. आणि मुलांना शाळेतून आणायचं ठरलं असेल तर आधीच अलार्म लावणं ही त्याचीच जबाबदारी, त्यात सूट देऊ नका. पण सासरचं कुणी "नाटकं करतो" म्हणालं तर तिथेच अडवा, तो स्वतः नाही बोलू शकणार.