एम.ए.च्या प्रबंधासाठी संदर्भ कसे शोधावेत आणि कसे द्यावेत? आमचे मार्गदर्शक म्हणतात, पुस्तकातल्या तळटीपा तशाच उचलल्या तरी चालतं. खरं आहे का?

नाही चालत. हेच वाक्य मीही ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

माझा लघुप्रबंध पानिपतानंतरच्या पत्रव्यवहारावर होता. पहिल्याच प्रकरणात मी ते सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य घातलं: दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. वाक्य घेतलं एका नव्या पुस्तकातून. त्याखाली तळटीप होती राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंड पहिला, पुढे लेखांक, म्हणजे त्या खंडातल्या पत्राचा क्रमांक. मी ती तशीच माझ्या पानाखाली उतरवली. खंड हातात घेतलेला नव्हता. सरांना विचारलं तेव्हा म्हणाले, “मूळ साधनाचं नाव दे, वजन येतं. सगळे असंच करतात.”

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या बाईंनी तो खंड सोबत आणला होता. तो लेखांक काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “दाखव.” तिथे भलतंच पत्र होतं, पैशाच्या ओढगस्तीचं. मी दोनदा वाचलं. सर शेजारीच बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, “निदान बघून तरी घ्यायचंस.” ते मी अजून विसरलेले नाही.

मग आठ दिवस ग्रंथालयात बसले. त्या वाक्याचा माग लागला तो ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात, इंग्रजीत. नर्मदेजवळ पेशव्यांच्या हाती सावकारांचा एक कासद, म्हणजे निरोप्या, लागला, त्याच्याकडच्या चिठ्ठीतला मजकूर म्हणून डफने ते वाक्य दिलंय. त्यानंतरची पाच मराठी पुस्तकं काढली. पाचांत पाच तऱ्हा. कुठे मोत्यें गळाली, कुठे फुटली, कुठे हरपली, आणि पाचही ठिकाणी वाक्य अवतरणचिन्हांत. म्हणजे पाचातल्या किमान चौघांनी मूळ चिठ्ठी पाहिलेली नव्हती. मी सहावी. दुरुस्त प्रतीत मी लिहिलं: ग्रँट डफ, मराठी भाषांतर माझं. त्याने वजन कमी झालं असं मला तरी वाटत नाही.

तेव्हा डोळ्यांनी जे पान पाहिलं तेच तळटिपेत जाईल. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल तर ‘अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत’ असं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही. राजवाड्यांचे खंड किंवा पेशवे दफ्तरातून निवडून छापलेले कागद वापरत असाल तर खंड आणि लेखांक द्या, कारण पुनर्मुद्रणात पानं हलतात. नोंद घेतानाच वहीत ग्रंथ, आवृत्ती, पान टिपा. नंतर सापडत नाही. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध संदर्भसूची चाळायला चांगले, पण तिथूनही तळटीप उचलू नका, चुका तशाच पुढे जातात. संदर्भ लिहायची पद्धत एमएलए की शिकागो, ते विभाग सांगेल तसं. त्यात डोकं घालवू नका.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण न वाचलेल्या ग्रंथाची तळटीप त्या यंत्राला कळतच नाही. माझा प्रबंध त्यातून सहज पार पडला असता. सर तेव्हा जे म्हणाले ते सोय म्हणून बरोबर असेल, अभ्यास म्हणून चूक होतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

एक राहिलं. मूळ कागद मोडीत असेल आणि तुम्हाला मोडी येत नसेल, तर छापील प्रतीचाच संदर्भ द्या, दफ्तरातल्या रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गाठोड्याचा, क्रमांक लिहू नका. सगळेच मार्गदर्शक असे नसतात हेही खरं. तुमच्या सरांना हे उत्तर दाखवलंत तरी माझी हरकत नाही.