वाचकांचे प्रश्न : जलसाघर

प्रश्न : सत्यजित रायांचा 'जलसाघर' पाहिला, पण त्या जमीनदाराचा राग यावा की कीव यावी तेच कळेना. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मला तर दोन्ही येतात, आणि पिक्चर १९५८चा असून आजही तितकाच आत लागतो. विश्वंभर रॉयची जमीन नदी गिळतेय, तिजोरी रिकामी होतेय, तरी शेजारच्या नवश्रीमंत गांगुलीकडे जलसा झाला की याला आपल्याकडे त्याहून मोठा करायचाच असतो, आणि अशाच एका जलशाच्या हट्टापायी बायको-मुलगा वादळात नदीत बुडतात, म्हणून राग. पण शेवटच्या जलशात रोशन कुमारींचं कथक संपतं, गांगुली आधी बक्षीस द्यायला हात पुढे करतो आणि रॉय काठीच्या मुठीने तो हात अडवतो, पहिला मान यजमानाचा म्हणून, आणि उरलेली मोहरांची थैली देऊन टाकतो, तिथे माझा तर गळाच दाटतो. रॉय झालेले छबी विश्वास तिथे चेहऱ्याची रेषसुद्धा हलवत नाहीत हो! पिक्चरमधला वाडा म्हणजे मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या निमतीताचा खराखुरा राजवाडा आहे. संगीत विलायत खाँचं, बेगम अख्तर स्वतः गातात. पुन्हा बघाल तेव्हा रॉयच्या स्वतःच्याच तसबिरीवर चालणारा तो कोळी बघा.