पोर्शे ९११ वरची आठ वर्षं जुनी पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) पिवळी पडली आहे. काढून नवी लावावी का?

हो, आणि लवकर. फिल्म जुनी झाली की कडक होते, तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि गोंद रंगावरच राहतो. हीट गनने किंवा वाफेने कोमट करून, पत्र्याला जवळपास समांतर धरून सावकाश ओढायची. सरळ वर खेचली तर क्लिअर कोटही (रंगावरचा पारदर्शक थर) सोबत येऊ शकतो.

खरी भीती रीपेंट झालेल्या भागांची. कंपनीचा रंग भट्टीत पक्का केलेला असतो, गॅरेजमधला तितका धरेलच असं नाही. रीपेंट झालंय का ते बघायला बॉनेटवर पेंटची जाडी मोजणारा मीटर फिरवा. (प्लास्टिकच्या बंपरवर साधा मीटर चालत नाही, तिथे जुनी बिलंच बघा.)

उरलेल्या गोंदाला ब्लेड लावू नका, रिमूव्हर वापरा. मग पॉलिश, नाहीतर जुन्या कडेची रेघ नव्या फिल्मखालून दिसत राहते. नवी टीपीयूचीच (थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन, एक लवचीक प्लास्टिक) घ्या. पीव्हीसी स्वस्त, पण लवकर पिवळी पडते.