डॉक्टर, कंपनी आणि वीस डॉलरचं जेवण: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

डॉक्टर आणि औषध कंपन्या यांच्यातल्या पैशाच्या व्यवहाराबद्दल बरेच प्रश्न साठलेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत. मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवते, त्याआधी बरीच वर्षं ओपीडीत बसले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

प्रश्न : एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, डॉक्टरांना पेन, डायरी, फार तर एखादं जेवण देतात. इतकं शिकलेला माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी औषध बदलेल का? मला तरी हे अतिच वाटतं.

मलाही तसंच वाटायचं, अगदी छातीठोकपणे वाटायचं. मग ज्युनिअर असताना एकदा प्रिस्क्रिप्शन लिहीत होते तर पेशंटची बायको म्हणाली, डॉक्टर, तुमच्या पेनवर आहे तेच औषध दिलंत का? मी पेन बघितलं, कागद बघितला, आणि खरंच तेच नाव. औषध चुकीचं नव्हतं हो, पण त्याच कामाची अजून तीन-चार होती आणि मी हेच का लिहिलं ते मला सांगता येईना.

2016 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला, जवळजवळ 2 लाख 80 हजार डॉक्टरांचा. कंपन्यांनी त्यांना जे काही दिलं त्यातलं 95 टक्के म्हणजे जेवणं होती आणि एका जेवणाची सरासरी किंमत 20 डॉलरपेक्षा कमी. तरी ज्यांनी एखाद्या ब्रँडच्या निमित्ताने एकच जेवण घेतलं होतं ते सुद्धा तो ब्रँड इतरांपेक्षा जास्त लिहीत होते, आणि जेवणं वाढली तसं लिहिण्याचं प्रमाणही वाढत गेलं. आता यातून जेवणामुळेच औषध बदललं असं सिद्ध होत नाही हे मान्य, कदाचित ज्यांना तो ब्रँड आधीच आवडतो तेच त्या जेवणाला जात असतील, अभ्यास करणाऱ्यांनीही हा संबंध आहे, कारण नव्हे असंच म्हटलंय. पण कंपन्या वर्षानुवर्षं त्यावर पैसे घालतायत ते काय दानधर्म म्हणून?

आणि गंमत अशी की छोटी भेटच जास्त काम करते. मोठं पाकीट पुढे आलं की माणूस सावध होतो, ही लाच आहे हे त्याला कळतं, एक तर नाही म्हणतो नाही तर डोळे उघडे ठेवून घेतो. जेवणाला कोण सावध होणार, पण खाल्ल्या मिठाला जागायची सवय आपल्या हाडात असते, तो एमआर पुढच्या आठवड्यात दारात उभा राहिला की त्याला दोन मिनिटं द्यावीशी वाटतात आणि त्याला तेवढीच हवी असतात. मिंधेपणा हा शब्द कडू आहे पण दुसरा चपखल शब्द मला सापडत नाही.

2001 मध्ये शिकाऊ डॉक्टरांना विचारलं होतं, औषध कंपन्यांच्या प्रमोशनचा तुमच्यावर परिणाम होतो का? 61 टक्के म्हणाले, माझ्यावर नाही. बाकीच्या डॉक्टरांवरही होत नाही असं म्हणणारे फक्त 16 टक्के! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

प्रश्न : पण फुकट सॅम्पल तर पेशंटच्याच फायद्याचं ना?

पहिल्या आठवड्यात, हो. पण सॅम्पल कशाचं येतं ते बघा, बहुतेक वेळा नव्या, महागड्या, पेटंट असलेल्या ब्रँडचं. जुनं स्वस्त जेनेरिक घेऊन कोण दारात येत नाही. सॅम्पल संपलं की पेशंट म्हणतो हेच चांगलं लागू पडलं, डॉक्टर म्हणतात मग हेच चालू ठेवा, आणि बीपी-शुगरची गोळी म्हणजे पुढची वीस वर्षं. तुम्हाला सॅम्पल दिलं तर सरळ विचारा की हे संपल्यावर काय घ्यायचं आणि यातलंच जुनं औषध आहे का.

प्रश्न : बहीण अमेरिकेत असते, गुडघा बदलायचाय. सरकारी साइटवर तिच्या सर्जनच्या नावापुढे इम्प्लांट (कृत्रिम सांधा) बनवणाऱ्या कंपनीकडून मिळालेली मोठी रक्कम दिसतेय. सर्जन बदलावा का?

नुसत्या आकड्यावरून नको. ती साइट 2010 च्या सनशाइन कायद्यामुळे आली, औषधं आणि उपकरणांच्या कंपन्यांनी डॉक्टरांना काय काय दिलं ते त्यांना कळवावं लागतं, पहिली माहिती 30 सप्टेंबर 2014 ला खुली झाली. तिथे रकमेच्या शेजारी कशासाठी तेही लिहिलेलं असतं, आधी ते वाचा.

रॉयल्टी असेल तर बहुधा त्या सर्जननी तो इम्प्लांट घडवायला मदत केलेली असते. सांधा रोज उघडून बघणाऱ्या माणसाशिवाय चांगला इम्प्लांट बनत नाही, त्याच्या कामाचा मोबदला मिळाला तर त्यात मला काही वावगं वाटत नाही. रिसर्चचा पैसा असेल तर तो अनेकदा हॉस्पिटलच्या खात्यात जातो. कन्सल्टिंग फी दिसली की मात्र मी थांबते. कारण याच धंद्यात 2007 मध्ये गुडघे आणि खुबे बनवणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांनी अमेरिकी सरकारशी तडजोड केली, आरोप असा की कन्सल्टिंगच्या नावाखाली सर्जनना पैसे दिले जात होते ते आपलाच इम्प्लांट वापरावा म्हणून. त्यातल्या चार कंपन्यांनी मिळून 31 कोटी 10 लाख डॉलर भरले.

बहिणीला सांगा, ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, सर्जनना तोंडावर विचारायचं की या कंपनीशी तुमचा काय संबंध आहे, माझ्यासाठी हाच इम्प्लांट का आणि हा नसता तर कुठला लावला असता. चांगला सर्जन शांतपणे सांगतो. चिडला तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही. आणि हो, ते अशी किती ऑपरेशन्स करतात हेही विचारा, गुडघ्याच्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : म्हणजे सगळं जाहीर केलं की प्रश्न मिटला ना? आमच्या डॉक्टरांच्या असोसिएशनच्या प्रत्येक लेक्चरला पहिली स्लाइड त्याचीच असते, वक्त्याने कुठल्या कंपनीकडून पैसे घेतलेत त्याची.

ती स्लाइड किती सेकंद राहते मोजलंत कधी?

2005 मधला एक प्रयोग सांगते, मला फार आवडतो. बरणीत नाणी भरलेली, एका गटाने ती लांबून बघून आत किती पैसे आहेत ते ओळखायचं, दुसऱ्या गटाने जवळून बघून त्यांना सल्ला द्यायचा. आता काही सल्लागारांना सांगितलं की समोरच्याचा अंदाज जितका जास्त तितके पैसे तुम्हाला जास्त. साहजिकच त्यांनी फुगवून सांगितलं. मग काही जोड्यांमध्ये हा स्वार्थ समोरच्याला उघड सांगितला. काय व्हायला हवं होतं? सल्लागाराने लाजून खरं बोलायला हवं होतं. झालं उलटं, त्यांनी अजून फुगवलं, म्हणजे एकदा सांगून टाकलं की मन मोकळं, आता काय ते तू बघ! आणि ऐकणाऱ्यांनी थोडं कमी धरलं पण पुरेसं नाही, शेवटी नुकसान त्यांचंच झालं.

तेव्हा जाहीर करणं हवंच, त्याशिवाय वरच्या गुडघ्याच्या प्रश्नातला तो आकडा कोणाला दिसलाच नसता. पण ओझं पेशंटच्या डोक्यावर टाकून डॉक्टर मोकळा, हे काही पटत नाही. ज्या कमिटीत उपचाराच्या गाइडलाइन ठरतात तिथे तर त्या औषधाच्या कंपनीकडून पैसे घेणारा माणूस मत द्यायला बसूच नये असं मला वाटतं. त्याला बोलवा, त्याचं ऐका, आणि मतदानाच्या वेळी बाहेर पाठवा.

प्रश्न : मी तरुण डॉक्टर आहे. एका कंपनीने स्पीकर म्हणून बोलावलंय, मानधन चांगलं आहे. जाऊ का?

स्लाइड्स कोणाच्या? तिथेच निम्मं उत्तर आहे. त्यांच्या असतील तर तुम्ही वक्ते नाही, कोट घातलेले एमआर आहात.

दुसरं म्हणजे समोर कोण बसणार ते विचारा. इन्सिस नावाच्या अमेरिकन कंपनीचा फेंटानिलचा स्प्रे होता, कॅन्सरच्या अचानक उठणाऱ्या वेदनांसाठी मंजूर झालेला, भयंकर जोरदार ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक. डॉक्टरांना स्पीकर फी देऊन तो जास्तीत जास्त लिहायला लावला, कित्येक कार्यक्रमांना धड श्रोतेच नव्हते, नुसतं जेवण आणि चेक. संस्थापक जॉन कपूर 2019 मध्ये दोषी ठरले, 2020 मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. तुमचं तसं होईल असं म्हणत नाही, पण सुरुवात मानधन चांगलं आहे इथूनच होते.

प्रश्न : मी स्वतः एमआर आहे. सगळे आम्हालाच शिव्या घालतात.

तुमच्यावर राग नाही, टार्गेट तुम्ही ठरवत नाही. अमेरिकेतल्या औषध कंपन्यांच्या संघटनेने 2009 पासून आपल्या आचारसंहितेत पेन, कॉफीचे मग वगैरे देणं बंद केलं, जेवण मात्र ठेवलं. आता वरचा 95 टक्के जेवणांचा आकडा परत बघा आणि तुम्हीच सांगा यातलं कंपनीला जास्त उपयोगी काय होतं.