स्टब आहे, तरी ४०४ का येतो?

प्रश्न: वायरमॉकमध्ये (टेस्टिंगसाठी खोटा एपीआय सर्व्हर उभा करायचं टूल) /ऑर्डर्स चा स्टब, म्हणजे अमुक रिक्वेस्टला अमुक उत्तर दे असा नियम, टाकलाय, ब्राउझरमध्ये नीट चालतो, पण आमचं ॲप मागे ?पेज=2 लावून कॉल करतं तेव्हा सरळ ४०४, म्हणजे "सापडलं नाही". पोर्ट बघितला, रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. आणि सगळं पकडणारा एक स्टब नंतर टाकला तर आता सगळीकडे त्याचंच उत्तर येतंय!

उत्तर: रीस्टार्टने काही होणार नाही हो, सर्व्हर सांगितलं तेवढंच करतोय. तुम्ही नियमात "यूआरएल" वापरलंय ना, ते क्वेरीसकट (? पासून पुढचा भाग) अख्खा पत्ता जुळवतं, म्हणजे ?पेज=2 आलं की जुळणी गेली. तिथे "यूआरएल पाथ" वापरा आणि पेज हवंच असेल तर क्वेरी पॅरामीटरचा नियम वेगळा लिहा. ४०४ च्या बॉडीत काय येतं ते वाचलंत का? बहुतेक जण वाचतच नाहीत, पण त्यात सगळ्यात जवळचा स्टब आणि तुमची रिक्वेस्ट शेजारी शेजारी छापलेली असते, कुठे बिनसलं ते तिथेच दिसतं.

दुसरं म्हणजे, दोन स्टब जुळले तर शेवटी टाकलेला जिंकतो, म्हणून तुमचा तो सगळं पकडणारा बाकीच्यांना गिळतोय. त्याला प्रायॉरिटी 10 द्या. आकडा लहान तितका मान मोठा, काहीच दिलं नाही तर 5 धरतात.

पोस्ट रिक्वेस्टच्या बॉडीत जेसन (डेटा लिहायचा फॉरमॅट) जुळवत असाल तर ॲरेचा, म्हणजे यादीचा, क्रम आणि जास्तीची फील्ड्ससुद्धा आडवी येतात, दोन्हीकडे दुर्लक्ष करायचे पर्याय आहेत पण ते आपणच चालू करावे लागतात.